सतत चालू राहणारी मॉनिटरिंग स्क्रीन जड का होते? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या शीतगृहात, जिनिंगमध्ये किंवा दूध शीतकरण केंद्रात आम्ही बसवलेली मॉनिटरिंग स्क्रीन ब्राउझरमध्ये चालते आणि हंगामात ती आठवडेच्या आठवडे बंद होत नाही. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री शीतगृहात येऊ लागली किंवा दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले, की एकच तक्रार वारंवार येते: पहिले काही दिवस चपळ असलेली स्क्रीन पुढे जड होते, आलेख सरकत नाही, माउस अडकतो आणि शेवटी पान बंद पडते. अशा वेळी सेन्सरची वायर सोडण्याआधी ब्राउझरने किती मेमरी अडवली आहे, ते पाहावे.

वीस सेन्सर दर पाच सेकंदांनी नोंद पाठवत असतील, तर दिवसाला 3,45,600 आणि तीस दिवसांत एक कोटीहून अधिक नोंदी त्या एकाच पानावर येतात. वापरात नसलेली माहिती ब्राउझर स्वतःहून पुसतो. मात्र पानाच्या प्रोग्राममधील एखादी यादी, टायमर किंवा आलेख त्या माहितीला अजून धरून असेल, तर ती लागणार आहे असे समजून तो तिला हात लावत नाही. आलेख नव्याने काढला पण जुना सोडला नाही, सूचनेची चौकट मिटली पण तिचा टायमर चालूच राहिला, अशा बारीक चुकांमुळे मेमरी थोडी थोडी अडकत जाते. यालाच मेमरी लीक म्हणतात. रॅम वाढवल्याने पान बंद पडण्याचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो, कारण दोष प्रोग्राममध्ये असतो आणि तो तिथेच दुरुस्त करावा लागतो. पूर्वी भारनियमनात संगणक बंद होई व मेमरी आपोआप रिकामी होई. आता इन्व्हर्टरवर तो अखंड चालतो, म्हणून हा दोष उघड दिसू लागला आहे.

आम्हाला खरी काळजी वाटते ती गोठलेल्या आकड्याची. बंद पडलेले पान लगेच लक्षात येते, पण अडकलेल्या स्क्रीनवर शेवटचे तापमान तसेच दिसत राहते आणि रात्रपाळीचा माणूस ते आताचे समजून निर्धास्त राहतो, तेव्हा आत कॉम्प्रेसर बंद पडलेला असू शकतो. म्हणून पाळी घेताना आधी उजव्या कोपऱ्यातील शेवटच्या नोंदीची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी आणि मगच तापमान वाचावे. वेळ मागे असेल, तर खोलीतील तापमापक प्रत्यक्ष पाहून यावे.

दर पाळीबदलाला एफ-पाच दाबून पान पुन्हा उघडावे आणि आठवड्यातून एकदा ब्राउझर पूर्ण बंद करून सुरू करावा. नोंदी लॉगरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्रात, साठत असल्याने असे केल्याने कोणतीही नोंद पुसली जात नाही, आणि धोक्याचा एसएमएसही लॉगरच पाठवतो. त्याच खिडकीत दुसरा टॅब उघडून व्हिडिओ लावू नये. मागे गेलेल्या टॅबचे टायमर क्रोम ब्राउझर मुद्दाम मंद करतो आणि मेमरी सेव्हर (मेमरी वाचवण्याची क्रोममधील सोय) चालू असेल तर तो टॅब झोपवतोही. म्हणून क्रोमच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये आमच्या पानाचा पत्ता नेहमी सक्रिय ठेवायच्या साइटमध्ये घालावा.

तरीही स्क्रीन जड होत असेल, तर क्रोममध्ये शिफ्ट व एस्केप एकत्र दाबावे. उघडलेल्या यादीत आमच्या पानासमोरचा मेमरीचा आकडा सकाळी व संध्याकाळी वहीत लिहावा. हा आकडा वरखाली होणे स्वाभाविक आहे. परंतु खाली उतरल्यावरचा आकडाही रोज आदल्या दिवसापेक्षा मोठा दिसत असेल, तर लीक असण्याची दाट शक्यता आहे. ती वही आणि त्या काळात कोणता आलेख उघडा होता ही माहिती घेऊन मागील बाजूच्या क्रमांकावर फोन करावा, म्हणजे नेमका कोणता भाग मेमरी सोडत नाही हे शोधणे आम्हाला सोपे जाईल.