रिपोर्टवरचे 122, 124 आणि 58 म्हणजे नेमकं काय? (आमच्या द्राक्ष बागायतदार ग्राहकांसाठी)

नमस्कार दादा, ताई. वेलीची वाढ आवरायला वापरतात त्या सीसीसीचा म्हणजे क्लोरमेक्वाटचा आमच्या लॅबचा रिपोर्ट हातात पडला की फोन येतो, "अहो 122 आलंय, माल गेला का?" तर आधी हे सांगतो की 122 हे प्रमाण नाहीच, ती त्या औषधाची ओळख आहे, प्रमाण शेजारच्या रकान्यात मिलिग्रॅम प्रति किलोत लिहिलेलं असतं.

आमचं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू ओळखणारं मशीन, रेणू काट्यावर ठेवून तोलत नाही. रेणूवर विद्युतभार असेल तरच मशीनला तो ओढता-ढकलता येतो, आणि त्यातून कळतं ते फक्त वस्तुमान भागिले भार (फिजिक्सच्या पुस्तकात भार वर आणि वस्तुमान खाली असतं, आपण उलटं लिहितो एवढंच). इलेक्ट्रॉनचं हेच गुणोत्तर जे. जे. थॉमसन यांनी 1897 ला केंब्रिजमध्ये मोजलं होतं. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये चुंबक असतो, आणि उफणताना भुसकट लांब जातं नि दाणा पायाशी पडतो तसं तिथे सारख्याच भाराचे आणि सारख्याच व्होल्टेजने पळवलेले हलके कण जास्त वळतात, जड कमी.

आमच्याकडे क्वाड्रुपोल आहे, वोल्फगांग पॉल यांनी 1953 च्या सुमारास जर्मनीत मांडलेली पद्धत. हवा काढून टाकलेल्या नळीत चार दांड्या, त्यांच्यावर एक स्थिर व्होल्टेज आणि एक सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होणारं, त्यामुळे मधून जाणारा प्रत्येक आयन (म्हणजे भार असलेला रेणू) हेलकावे खातो, हलका असला तर हेलकावा वाढत जाऊन दांडीवर आपटतो, जड असला तर स्थिर व्होल्टेजच्या ओढीने दुसऱ्या जोडीच्या दांडीकडे सरकून जातो, आणि आपण लावलेल्या आकड्याचा तेवढा पार निघतो. सीसीसीच्या आयनाचं वस्तुमान 122 आणि त्याच्यावर मुळातच एक धन भार असतो म्हणून भागाकार सोपा, 122.

पण 122 चे दुसरेही रेणू द्राक्षाच्या रसात असू शकतात ना! म्हणून पहिल्या क्वाड्रुपोलमधून निवडलेला आयन आम्ही वायूवर आपटून फोडतो आणि पुढच्या क्वाड्रुपोलमध्ये तुकडा बघतो, तो 58 चा निघायला हवा. शिवाय सीसीसीत एक क्लोरीन आहे, आणि निसर्गात क्लोरीन 35 आणि 37 अशा दोन वजनांचं, साधारण तीनास एक सापडतं, म्हणून 122 च्या शेजारी 124 चा छोटा भाऊ दिसलाच पाहिजे, साधारण एक तृतीयांश उंचीचा. तो नसेल तर आम्ही "सापडलं" लिहीत नाही, पुन्हा तपासतो.

एवढी काळजी का? ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो धरतात, म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. आणि 2010 ला याच सीसीसीपायी आपले कंटेनर युरोपात अडकले होते, ते दिवस कुठलाच बागायतदार विसरलेला नाही.

दुसऱ्या कुठल्या लॅबचा रिपोर्ट हातात असेल तर तिथेही विचारा की फक्त 122 बघितलं का 58 आणि 124 पण. आणि आमच्याकडे नमुना देताना सगळ्या ओळींमधले घड घ्या, धुऊ नका, पिशवीवर प्लॉट नंबर आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहा.