गळा दाबताना हवा अडणं आणि रक्त अडणं, यात फरक काय?

सेक्समध्ये गळा दाबायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, समोरून दाबू नको, बाजूने दाब, मग काही होत नाही. श्वास चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असा हिशोब. खरं तर उलटं आहे.

समोर श्वासनलिका असते. ती दाबली की दुखतं, खोकला येतो, माणूस हातपाय झाडतो, म्हणजे निदान दोघांना कळतं तरी. ती कूर्चेची, कडक, त्यामुळे पूर्ण बंद व्हायला साधारण १५ किलोचा जोर लागतो असं मानतात. तरी कमी जोरातही घशाला इजा होऊन नंतर सूज चढू शकते, तेव्हा तीही सेफ नाहीच.

बाजूला रक्तवाहिन्या. मेंदूतून रक्त परत आणणारी शीर साधारण २ किलोच्या दाबाने बंद होते आणि मेंदूकडे रक्त नेणारी धमनी ५ किलोच्या आसपास, म्हणजे फार ताकद लागतच नाही, आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की श्वास चालूच राहतो. धमन्या नीट दाबल्या गेल्या तर १० सेकंदांच्या आत शुद्ध जाऊ शकते. ती डोकं हलकं होऊन किक बसते ना, ती मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून. अशा वेळी सेफवर्ड (थांब म्हणायला आधी ठरवलेला शब्द) आठवणार कुणाला आणि थांबायची खूण म्हणून हाताने टॅप करणार कोण? त्याच जागी दाबाने हृदयाचे ठोके एकदम मंदावूही शकतात.

आणखी एक, धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होते, ती मेंदूत गेली की स्ट्रोक. हे काही तासांनी किंवा चक्क काही दिवसांनीही होतं, चांगल्या तरुण माणसाला, आणि तोवर त्या रात्रीचा संबंध कुणी लावतच नाही. मानेवर वळ नाही म्हणून निश्चिंत राहू नका, बऱ्याचदा बाहेर काहीच दिसत नाही.

नंतर आवाज बसला, गिळताना दुखलं, दम लागला, मान किंवा डोकं जाम दुखलं, एका बाजूला अशक्तपणा आला, बोलणं अडखळलं, किंवा त्या वेळी शुद्ध गेली होती, नकळत लघवी झाली होती, तर लगेच कॅज्युअल्टी गाठा. आणि लाजून "मान अवघडली" सांगू नका, गळा दाबला गेला होता असं स्पष्ट सांगा, कारण ते कळलं तरच डॉक्टर मानेच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायचा विचार करतील.