दिवस भरण्याआधी

"सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." घरात कुणी वेळेआधी बाळंत झालं की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतंच. माझ्या आजीचाही त्यावर ठाम विश्वास होता. ही समजूत तिची एकटीची नव्हती आणि नुसती गावाकडचीही नव्हती. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यात जन्मलेलं मूल जगत नाही. प्राचीन ग्रीक वैद्यही आठव्या महिन्याच्या बाळाबद्दल असंच लिहून गेले आहेत.

वस्तुस्थिती मात्र सरळ उलटी आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या जगण्याची शक्यता वाढवतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच जास्त तयार असतं. मला ही समजूत निरुपद्रवी वाटत नाही. "आठवा लागला होता, आता काय उपयोग" असं म्हणून घरच्यांनी हात टेकले, तर जे बाळ सहज वाचलं असतं तेच दवाखान्यात उशिरा पोचतं.

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. तीस दिवसांचा महिना धरला तर हे २७९ दिवस होतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टर जे ४० आठवडे मोजतात, ते २८० दिवसांचे. जुन्या बायकांची मोजणी इतकी अचूक होती! यातले ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे साधारण दहांतलं एक. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. इतर कुठल्याही देशात हा आकडा एवढा मोठा नाही.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. लहान बाळ आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ ही एकच गोष्ट नव्हे. दोन किलोचं बाळ ३४ आठवड्यांचं असू शकतं, किंवा पूर्ण दिवसांचं पण पोटात पोषण कमी मिळाल्यामुळे वाढ खुंटलेलंही असू शकतं. काट्यावर दोघांचं वजन सारखं भरेल. पण दुसऱ्याची फुप्फुसं बहुधा तयार असतात आणि पहिल्याची कदाचित नसतात. म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवणं आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी न चुकवणं महत्त्वाचं आहे. पुढे डॉक्टरांचे कितीतरी निर्णय त्या एका तारखेवर ठरतात.

फुप्फुसांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं यश तिथलं आहे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. त्याचं नाव पॅट्रिक. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि वजन होतं सुमारे २.१ किलो. आज आपल्या जिल्हा रुग्णालयातही अशा वजनाची बाळं रोज येतात आणि बरी होऊन घरी जातात. पॅट्रिकला बोस्टनला हलवलं, त्या काळी उपलब्ध असलेले सगळे उपाय केले, आणि ३९ तासांनी तो गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या मुलाला श्वास घेता येत नव्हता आणि डॉक्टरांच्या हातात त्यावर औषध नव्हतं.

त्याला काय होत होतं, हे तेव्हा नुकतंच उलगडलं होतं. फुप्फुसात हवेचे लाखो बारीक फुगे असतात. आतून ते ओलसर असतात, आणि पाण्याचा पातळ थर स्वतःला आक्रसून घ्यायला बघतो. त्या ताणाने प्रत्येक श्वासाबरोबर फुगे मिटतात. ते उघडे राहावेत म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी साबणासारखं काम करणारा स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो सहाव्या महिन्याच्या सुमारास थोडा थोडा बनू लागतो आणि पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. मेरी एलन एव्हरी या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिलं, की श्वास कोंडून दगावलेल्या अशा बाळांच्या फुप्फुसांत नेमका हाच पदार्थ कमी असतो. फुप्फुसाची रचना झालेली असते, पण हा लेप चढायचा बाकी असतो. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, ते आठवा. ह्या बाळाला प्रत्येक श्वास तसा घ्यावा लागतो, मिनिटाला साठ-सत्तर वेळा. काही तासांत ते थकून जातं.

बाहेरून हा पदार्थ देण्यात यश मिळायला पॅट्रिकनंतर सतरा वर्षं गेली. १९८० साली जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून मिळवलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि त्यांचा श्वास सुधारला.

त्याआधीच न्यूझीलंडमध्ये एक स्वस्त उपाय सापडला होता. ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशामुळे सुरू होते याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. पोटात असतानाच स्टिरॉइड दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं, की त्याने श्वास घेणं शक्यच नव्हतं. तरी ते श्वास घेत होतं. दुसरा कुणी 'नवलच' म्हणून पुढे गेला असता, लिगिन्स तिथे थांबले. रॉस हॉवी यांच्याबरोबर त्यांनी हाच उपाय स्त्रियांवर तपासला आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं घाईने पिकतात. आज आपल्याकडे यासाठी डेक्सामेथासोन वापरतात, आणि ते अगदी स्वस्त औषध आहे. पण ते जन्माआधी मिळायला हवं, आणि परिणामाला काही तास तरी लागतात. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पाणमोट फुटली, पाठीत-ओटीपोटात थांबून थांबून कळ यायला लागली, किंवा अंगावरून रक्त गेलं, तर "सकाळपर्यंत बघू" असं म्हणू नका. त्या रात्रीतच हे इंजेक्शन देण्याची वेळ निघून जाते.

फुप्फुसांपाठोपाठ ऊब. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी धरते. खांद्यांमध्ये आणि मानेपाशी एक खास तपकिरी चरबी असते, ती जळून उष्णता देते. लवकर आलेल्या बाळाकडे हा साठा नसतो, कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. ते उन्हाळ्यातही गार पडतं. गार पडलं की साखर उतरते, साखर उतरली की ओढून पिण्याची ताकद जाते. म्हणून काचेची पेटी.

पण पेट्या पुरल्या नाहीत तर? कोलंबियाची राजधानी बोगोता इथल्या रुग्णालयात १९७८ साली हीच अडचण होती. एकेका पेटीत दोन-तीन बाळं, आणि त्यांतून फैलावणारा जंतुसंसर्ग. डॉ. एदगार रे यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी उभं बांधायला सुरुवात केली. त्यालाच आपण कांगारू मदर केअर म्हणतो. कितीतरी वर्षं डॉक्टर याकडे गरिबांची तडजोड म्हणून बघत होते, आणि बाळ पेटीत जरा सावरलं की मगच आईकडे देत होते. मग भारतासह पाच देशांत मोठी चाचणी झाली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक ते १.८ किलोच्या बाळांना सावरण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा इतका स्पष्ट होता की बाकीच्या बाळांना त्यापासून दूर ठेवणं योग्य ठरलं नसतं. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. आणि तरीही कितीतरी ठिकाणी आई एका वॉर्डात, बाळ दुसऱ्या मजल्यावर, मध्ये काचेचं दार आणि भेटायला ठरावीक वेळ! याचा मला मनापासून राग येतो. आई ही त्या विभागात आलेली पाहुणी नाही, तिथल्या उपचाराचा ती भाग आहे. आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशी कुणीही बाळाला छातीशी धरू शकतं.

दुधाचंही तसंच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. त्याआधी दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यावं लागतं. आतडी इतकी कोवळी असतात की त्यांचा काही भाग सडण्याचा जीवघेणा आजार होऊ शकतो, आणि वरच्या दुधाने तो धोका वाढतो. आईचा चीक, अगदी थेंब-थेंब काढलेला, इथे औषधासारखा काम करतो. आईला दूध नसेल तर दुसऱ्या आईचं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि गोठवून ठेवतात. मध, बाळगुटी, साखरपाणी यांना मात्र या बाळाच्या तोंडी जागा नाही. आजीची हौस कितीही असो.

आता डोळे. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत मध्यभागापासून कडेकडे वाढत असतात. लवकर जन्मलेल्या बाळात ही वाढ अडखळते, नंतर वेडीवाकडी होते, आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. १९४०-५०च्या दशकांत श्रीमंत देशांतल्या उत्तम रुग्णालयांत हजारो बाळं अशी आंधळी झाली. पेटीत सढळ हाताने सोडलेला ऑक्सिजन त्याचं मोठं कारण होतं, हे १९५०च्या दशकात सिद्ध झालं. मग ऑक्सिजन फारच आखडता घेतला गेला, तेव्हा बाळं दगावू लागली. आज तो यंत्रावर बघून मोजून देतात. आपल्याकडचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायलाच हवेत. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. वेळेत लेझर केला तर दृष्टी वाचते. बाहेरून डोळा अगदी टपोरा, नितळ दिसतो, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही आणि तो महिना सव्वा महिन्याच्या सोवळ्यात निघून जातो.

हे सगळं शहरातल्या मोठ्या रुग्णालयातच शक्य आहे, असं वाटेल. गडचिरोलीने वेगळं दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊबदार पिशवीत ठेवणं, दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करणं, एवढं त्या घरोघरी जाऊन करत. त्याआधी तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी तिसरा हिस्सा दगावत असे. नंतर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्याचं मूळ या कामात आहे.

बाळं लवकर का येतात? पुष्कळदा कारण सापडतच नाही, आणि आईने "जड उचललं म्हणून", "प्रवास केला म्हणून" असा स्वतःवर दोष घेत बसू नये. जी कारणं ठाऊक आहेत त्यांत आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी-तिळी, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर, आईचं कोवळं वय ही मोठी. एक कारण खास आपल्याकडचं आहे, ते म्हणजे मिश्री. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. सिगारेट हातात घेणाऱ्या सुनेला नावं ठेवणाऱ्या घरात सासूच्या मिश्रीची डबी ओट्यावर असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि एक कारण आपण स्वतः तयार केलं आहे. सिझर ठरलेलंच आहे, मग चांगला मुहूर्त बघून करू! वैद्यकीय कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवड्यांच्या आधी करू नये. ३५-३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण दिवसांचंच वाटतं. पण ३५व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं. अशा बाळांना धाप लागणं, कावीळ, दूध ओढता न येणं हे जास्त होतं. पत्रिकेतला ग्रह चांगला मिळावा म्हणून हा सौदा मला पटत नाही.

घरी आल्यावर आईची पहिली काळजी असते, शेजारच्या बाळासारखं हे मान का धरत नाही? इथे वय दोन प्रकारे मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की वाढीच्या हिशेबात ते चार महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत असंच धरतात. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या, त्यात सूट नाही. शेवटच्या तिमाहीत आईकडून येणारी प्रतिकारद्रव्यं आणि लोह या बाळाला कमी मिळालेलं असतं, म्हणून लस आणि लोहाचे थेंब यांची गरज त्यालाच जास्त.

पुढे शाळेत काय होतं, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाने चिकाटीने शोधलं. १९८७ ते १९८९ या काळात तिथल्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. एवढी वर्षं कुटुंबांचे पत्ते सांभाळणं हेच मोठं काम आहे. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य कक्षेत होता, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी. वाचन, गणित, डोळा आणि हात यांचा मेळ इथे अडचणी जास्त दिसल्या. सगळ्यात मागे पडली ती अपुऱ्या दिवसांची असून शिवाय पोटातही नीट न वाढलेली मुलं. अशा मुलाला गणिताच्या तासाला 'आळशी' म्हणणाऱ्या शिक्षकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

शरीराची वहीही उघडीच राहते. मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात, आणि फार आधी जन्मलेल्या माणसाकडे त्या आयुष्यभर कमीच असू शकतात. मोठेपणी रक्तदाब वाढण्याचं प्रमाण अशा लोकांत जास्त आढळतं. पुण्यातली ती बाळं आता पस्तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातलं कुणी उद्या डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं, तर डॉक्टर विचारतील: मीठ किती खाता, झोप होते का, वडिलांना बीपी होता का. तुमचा जन्म कितव्या आठवड्यातला, हे बहुतेक कुणी विचारणार नाही. तेव्हा ते आपण होऊन सांगावं, आणि त्यासाठी आईच्या कपाटातलं ते जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवावं.