बादलीभर माती आणि तीन वेगळी उत्तरं

उत्खनन म्हटलं की लोकांना सोन्याची नाणी नाहीतर सांगाडे आठवतात. जुने समाज आणि त्यांचं पर्यावरण शोधणाऱ्या स्टुडंट टीमसोबत एक सीझन काढला ना, की कळतं, खरा माल मातीत असतो, तोही त्या मातीत जी पूर्वी सरळ ढिगाऱ्यावर फेकून द्यायचे.

नव्या पोरांच्या वाट्याला पहिलं काम येतं ते फ्लोटेशनचं. चुलीजवळची, कचऱ्याच्या खड्ड्यातली माती पाण्याच्या टाकीत ओतायची, हलक्या हाताने ढवळायची, मग दगडगोटे खाली बसतात आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक जाळीवर गोळा करून सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की तडकतात, आणि दर बॅचमध्ये कुणीतरी ठेवतंच! कच्चं धान्य बहुतेक ठिकाणी कुजून जातं, जळलेलं मात्र हजारो वर्षं टिकतं, म्हणजे तेव्हा कुणाचं तरी जेवण करपलं म्हणून आज आपल्याला पुरावा मिळतो. मायक्रोस्कोपखाली गव्हाच्या काळ्या दाण्याच्या पोटावरची उभी खाचसुद्धा दिसते, सोबत भुसा आणि तणाच्या बिया निघाल्या तर मळणी जवळपासच होत असावी असा अंदाज बांधता येतो.

दुसरी गँग तळ्यावर. तळाच्या गाळात लांब पाइप घुसवून गाळाचा अखंड दांडा वर काढायचा, सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. त्यात परागकण असतात. ते मोजून जुनी जंगलं कशी होती हे सांगता येतं, हे स्वीडनचे भूशास्त्रज्ञ लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ मध्ये दाखवलं. परागकणाचं कवच इतकं चिवट की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये वाळू विरघळते पण ते तसंच राहतं (हे अ‍ॅसिड काच पण खातं, त्यामुळे पोरांना तिथे एकटं सोडत नाहीत). मग मोजणी. एका सॅम्पलला ३०० कण तरी मोजतात, मान पार मोडते. झाडांचे पराग कमी, गवताचे जास्त आणि कोळशाचे कण वाढलेले दिसले की जंगल जाळून शेतं केली का अशी शंका येते. स्पोरोर्मिएला नावाची बुरशी चरणाऱ्या जनावरांच्या शेणावर वाढते, तिचे बीजाणू वाढले म्हणजे आसपास कळप असणार.

आणि इथेच भांडण लागतं. दाणे घरातले, पराग वाऱ्याने कुठून कुठून आलेले, दोघांची गोष्ट जुळतच नाही. मला विचाराल तर सीझनमधला सगळ्यात भारी भाग हाच.

तिसरं उत्तर तारखेचं, भांडण तिथेही. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन, लाकूड किंवा दाणा तयार झाला की त्यातला कार्बन-१४ घटायला लागतो, निम्मा व्हायला ५,७३० वर्षं (हेच अर्धआयुष्य), त्यावरून वय काढतात, पण चुलीतला कोळसा ३०० वर्षं जुन्या झाडाच्या गाभ्यातला असेल तर तारीख तितकीच मागे जाते, चूल पेटली कधी ते कळतच नाही. म्हणून शक्यतो दाणा पाठवायचा, तो एकाच हंगामातला. तरी उत्तर येताना अधिक-उणे, म्हणजे काही वर्षं इकडे-तिकडे, घेऊनच येतं.

हे अधिक-उणे फार कामाचं आहे बरं का, दोन घटना खरंच एकाच वेळच्या का हे ते पाहूनच ठरवावं लागतं. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या, थेंबाथेंबाने साचलेल्या एका चुनखडी स्तंभात साधारण ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची खूण आहे, त्यावरूनच २०१८ मध्ये भूशास्त्रात मेघालयन काळ, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचा सगळ्यात अलीकडचा टप्पा, ठरला. लगेच लोक म्हणतात, दुष्काळ पडला आणि सिंधू संस्कृती संपली. पण तिथली मोठी शहरं ओस पडायला लागली ती इसवी सनपूर्व १९०० च्या सुमारास, म्हणजे मध्ये साधारण ३०० वर्षं जातात, दहा-बारा पिढ्या! एवढ्या पिढ्या काय पेरत होत्या, कुठलं पीक सोडून कुठलं धरलं, ते गुहेतला दगड सांगणार नाही, त्यासाठी परत बादली उचलून टाकीपाशीच जावं लागतं.