दुसरा फ्लॅट, लायसेन्सी आणि १ फेब्रुवारी १९७३

मुंबई-पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देणारा माणूस करारात ‘भाडे’ हा शब्द टाळतो. तो ‘लायसेन्स फी’ लिहितो, राहणाऱ्याला ‘लायसेन्सी’ म्हणतो आणि मुदत अकराच्या पाढ्यात घालतो: अकरा, बावीस, तेहेतीस महिने. ही सवय कुठून आली ते पाहायचे तर १९४० पर्यंत मागे जावे लागते.

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धापासून, म्हणजे १९१८ पासून, अधूनमधून होतेच. पण खोलवर रुजला तो १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच तिचे प्रमाणभाडे, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, धरले गेले. युद्धकाळातल्या टंचाईवरचा हा तात्पुरता उपाय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालला. महागाई वाढत गेली आणि चाळीतल्या खोलीचे भाडे जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्तीवरचा हात आखडला, इमारती पडू लागल्या, आणि १९६९ मध्ये सरकारला उपकर लावून इमारत दुरुस्ती मंडळ काढावे लागले. खरी किंमत वसूल होत होती ती पागडीतून: खोली हातबदल होताना रोख रक्कम द्यायची आणि मालकाने त्यात आपला वाटा घ्यायचा. १९४७ च्या कायद्याने पागडीला मनाई होती, म्हणजे हा सगळा व्यवहार बिनपावतीचा.

भाडेकरू झाला की काढता येत नाही, म्हणून मालकांनी पळवाट काढली ती लिव्ह अँड लायसेन्सची. ताबा मालकाचाच, राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी. ही वाट १९७३ च्या दुरुस्तीने एका फटक्यात बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा लायसेन्सचा करार चालू होता, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. आदल्या दिवसापर्यंत परवानगीवर राहणाऱ्याला हुसकावणे अशक्य झाले. आमच्या मते आजच्या घरमालकाच्या वागण्याचा उगम १९४७ पेक्षा या एका तारखेत जास्त आहे. पुढच्या लायसेन्सींना ते संरक्षण नव्हते, तरी धसका गेला नाही. कित्येकांनी रिकामी जागा कुलूपबंद ठेवणे पसंत केले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले प्रमाणभाडे अवाजवी ठरवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ आणि पागडीला कायदेशीर मान्यता या त्यातल्या गाजलेल्या तरतुदी. फ्लॅट भाड्याने देणाऱ्याच्या कामाची मात्र कलमे दोन: २४ आणि ५५.

कलम २४ नुसार मुदत संपूनही लायसेन्सी जागा सोडत नसेल तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसेन्सीने बचावाची परवानगी मागायची. नाही मागितली तर ताब्याचा आदेश निघतो. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट लायसेन्स फी द्यावी लागते. लेखी करारातला मजकूर इथे निर्णायक पुरावा मानतात, म्हणून तोंडी बोलणी इथे उपयोगाची नाहीत.

कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. गफलत होते ती इथे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लायसेन्सचा करारही नोंदवावाच लागतो. नुसता नोटरी केलेला कागद असेल तर वादात लायसेन्सी सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी टाळून वाचते ते किती? २०,००० रुपये महिना, २४ महिने, १ लाख डिपॉझिट असा करार घ्या. एकूण फी ४ लाख ८० हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज २०,०००, बेरीज ५ लाख. तिच्यावर पाव टक्का, म्हणजे १,२५० रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी.

सोसायट्यांचा त्रास वेगळा होता. भाडेकरू ठेवला की त्या मनमानी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधले. हे टक्के महापालिकेचा कर वगळून काढायचे. अजूनही काही सोसायट्या पूर्ण मेंटेनन्सवर १० टक्के लावतात. बिलाची फोड मागितली की चूक दिसते.

पैशाची बाजू बरीच उशिरा आली. १९७७ मध्ये ह. ठ. पारेख यांनी एचडीएफसी काढेपर्यंत पगारदाराला घरासाठी संस्थात्मक कर्ज मिळणे दुरापास्तच होते. १९८८ मध्ये गृहकर्ज संस्थांना पैसा पुरवणारी राष्ट्रीय आवास बँक आली. पण दुसऱ्या घराची लाट आणली ती प्राप्तिकराने. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे पूर्ण व्याज वजा करता येई आणि उरलेला तोटा पगारातून वळता होई. पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट घ्या. ६० लाख कर्ज, २० वर्षे, ८.५ टक्के: हप्ता सुमारे ५२,०७०, पहिल्या वर्षाचे व्याज ५ लाखांच्या थोडे वर. वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १ लाख ६८ हजार. तोटा ३ लाख ३५ हजारांच्या आसपास. मार्च २०१७ पर्यंत हा सगळा पगारातून वजा होई. पुढच्या आर्थिक वर्षापासून मर्यादा २ लाखांची झाली, आणि नव्या करप्रणालीत तर पगारातून काहीच वजा होत नाही. तीन टक्क्यांच्या भाड्यावर साडेआठ टक्क्यांचे कर्ज पेलणारा करसवलतीचा टेकू असा निघून गेला.

खिशातून घालायची रक्कमही लोक कमी धरतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाही. पुण्यात ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३०,००० वेगळे काढून ठेवावे लागतात. शिवाय स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या फ्लॅटला नाही.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते त्याला), बांधली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बँकांनी बहुतेकांचा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ६० लाखांचा हप्ता ४६,५१८; दर ९.५ झाल्यावर नुसते महिन्याचे व्याजच ४७,५००. असा हप्ता कितीही वर्षे भरला तरी मुद्दल फिटत नाही, उलट वाढते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला दिला. दर बदलल्याचे पत्र आले की हप्त्याचा आकडा आणि त्या महिन्याचे व्याज शेजारी मांडून पाहायचे, आणि व्याज जास्त दिसले तर हप्ता वाढवून मागायचा किंवा काही मुद्दल एकदम भरायचे.