इम्प्रेशन, क्लिक, कन्व्हर्जन: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

गेल्या मोसमात देवगडच्या एका आंबा बागायतदारांना त्यांच्या ऑनलाइन जाहिरातीचा रिपोर्ट समजावून सांगत बसलो होतो. जाहिरात किती वेळा दिसली ती इम्प्रेशन इतकी, क्लिक इतके, दिसण्याच्या मानाने क्लिक किती तो सीटीआर इतका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते राहू दे हो. पेट्या किती गेल्या?”

मला उत्तर देता आलं नाही, पण इंटरनेट मार्केटिंगची निम्मी परिभाषा याच प्रश्नावरच्या ओढाताणीतून आली आहे हे मात्र तेव्हा लख्ख दिसलं. जाहिरात देणाऱ्याला विक्रीचे पैसे मोजायचे असतात आणि जागा विकणाऱ्याला जाहिरात दाखवल्याचे हवे असतात. सीपीएम (दाखवण्याचा दर), सीपीसी (क्लिकचा दर), सीपीए (विक्रीसारख्या कृतीचा दर) ही या भांडणात वेळोवेळी झालेल्या तडजोडींची नावं. धंदा बुडाला तर जोखीम कुणाच्या गळ्यात, एवढाच त्यांच्यातला फरक.

सगळ्यात जुना सीपीएम. यातला ‘एम’ म्हणजे लॅटिनमधला ‘मिले’, हजार. जाहिरात हजार वेळा दिसण्याचा दर. हा हिशेब छापील माध्यमांतून आला. वर्तमानपत्राचा खप अमुक, म्हणून दर तमुक. जाहिरात कुणी वाचली की त्या पानावर भजी बांधली गेली, याची चौकशी पेपरवाला करत नसे. जोखीम सगळी जाहिरातदाराची. त्यावर अमेरिकेतल्या टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी शंभरएक वर्षांपूर्वीच एक युक्ती काढली होती. प्रत्येक नियतकालिकातल्या कुपनावर वेगळा खुणेचा आकडा छापायचा. कुपन परत आलं की कोणत्या जाहिरातीने गिऱ्हाईक आणलं ते कळे. आज ज्याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात ते हेच. ‘फनेल’सुद्धा नवं नाही. आधी लक्ष, मग रस, मग इच्छा, मग खरेदी ही उतरंड अमेरिकी जाहिराततज्ज्ञ एल्मो लुईस यांच्या नावावर १८९८ पासून सांगितली जाते.

वेबवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर झळकली, त्या दिवशी लागलेल्या काही बॅनरांपैकी एक. जाहिरातदार होती एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. एक काळी पट्टी, तिच्यावर रंगीबेरंगी अक्षरांत, इथे कधी माउसने क्लिक केलंय का, असा प्रश्न आणि पुढे ‘कराल!’ असं भाकीत. कंपनीचं नावसुद्धा पट्टीवर नव्हतं. क्लिक केलं की माणूस जगातल्या कलासंग्रहालयांच्या फेरफटक्यावर जाई. पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी क्लिक केलं असं सांगितलं जातं. आज साध्या बॅनरला शंभरात एक क्लिक मिळाला तरी एजन्सीवाले खूश होतात.

तरी त्या जागेचा व्यवहार पेपरसारखाच, दाखवण्याचे पैसे असा होता. क्लिक मोजता येत होता, पण बिल त्यावर निघत नव्हतं. हे १९९६ मध्ये बदललं. प्रॉक्टर अँड गँबल, म्हणजे आपल्याकडे एरियल आणि विक्स विकणारी कंपनी, याहूकडे गेली आणि नुसतं दाखवण्याचे नाही, क्लिकचे पैसे देऊ म्हणाली. एवढं मोठं गिऱ्हाईक सोडवेना, याहूने मान्य केलं. सीपीसी, म्हणजे एका क्लिकचा दर, हा शब्द व्यवहारात रुजायला इथून जोर आला. त्याच वर्षी जुलैत ॲमेझॉनने आणखी पुढची पायरी गाठली: तुमच्या साइटवर आमच्या पुस्तकाची लिंक द्या, पुस्तक विकलं गेलं तरच कमिशन. हे ‘ॲफिलिएट’. जोखीम आता पूर्णपणे जागा देणाऱ्याच्या पदरात. आपल्याकडच्या दलालीशी याचं जवळचं नातं आहे, फक्त दलाल गिऱ्हाइकाला कधी भेटत नाही.

पण विक्री झाली ती कोणाच्या लिंकवरून, हे कळणार कसं? वेबला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवे. १९९४ मध्येच नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी यावर तोडगा काढून ठेवला होता. साइटने तुमच्या ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी ठेवायला द्यायची, पुढच्या वेळी ती परत मागायची. युनिक्सच्या जगात अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यातला ‘कुकी’ राहिला. गरज होती दुकानाच्या टोपलीची, म्हणजे निवडलेला माल लक्षात ठेवण्याची. पण एकाच जाहिरात कंपनीच्या पट्ट्या हजार साइटवर लागल्या, की तिची चिठ्ठी त्या हजारही ठिकाणी वाचली जाते, आणि तुम्ही कुठे कुठे हिंडलात याची वही तयार होते. हीच ‘थर्ड पार्टी कुकी’. पाहिलेली चप्पल आठवडाभर पाठलाग करते, त्या ‘रीटार्गेटिंग’चं मूळ या चिठ्ठीत आहे.

खरी उलथापालथ झाली ती सर्चमध्ये. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम नावाचं सर्च इंजिन सुरू केलं. त्यात शोधशब्दांचा, म्हणजे ‘की-वर्ड’चा लिलाव व्हायचा. जो जास्त बोली लावेल तो वर, आणि पैसे फक्त क्लिकचे. गंमत म्हणजे जाहिरातदार त्या क्लिकला किती मोजतोय हा आकडा निकालाशेजारीच छापलेला असे. लोक नाकं मुरडत होते, पण मला तो सगळा मामला आजच्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. त्याच वर्षी लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डमधल्या आपल्या शोधनिबंधात लिहीत होते, की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन साहजिकच जाहिरातदारांकडे झुकेल. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांच्याच गूगलने ३५० जाहिरातदारांना घेऊन ॲडवर्ड्स ही सर्चमधल्या जाहिराती विकण्याची सेवा सुरू केली.

सुरुवातीला तिथेही सीपीएमच होता. फेब्रुवारी २००२ मध्ये क्लिकचा लिलाव आला, पण गोटूपेक्षा एक पाऊल पुढचा. समजा ‘देवगड हापूस’ या शब्दावर दोघे भिडले. पहिला क्लिकला २० रुपये बोलतो, पण त्याच्या जाहिरातीवर हजारात १० जण क्लिक करतात. दुसरा १२ रुपयेच बोलतो, पण त्याला २० क्लिक मिळतात. पहिल्याकडून हजार वेळा दाखवण्याचे २०० सुटतात, दुसऱ्याकडून २४०. वरची जागा दुसऱ्याला. शिवाय त्याला १२ भरावे लागत नाहीत. पहिल्याला जेमतेम मागे टाकण्यापुरते, म्हणजे १० रुपयांहून किंचित जास्त. बिल क्लिकचं फाडलं जातं, पण गूगल आतल्या आत हजार वेळा दाखवण्याचाच हिशेब करतं. सीपीएम मागच्या दाराने परत आला, आणि ‘सीटीआर’ला, म्हणजे दिसण्याच्या मानाने क्लिक किती याला, पैशाइतकंच वजन आलं. पुढे यातूनच ‘क्वालिटी स्कोअर’, म्हणजे जाहिरातीच्या दर्जाला द्यायचा आकडा, निघाला.

गोटू तोवर ओव्हर्चर झालं होतं. पेटंटवरून त्याने गूगलवर दावा लावला. २००३ मध्ये याहूने ओव्हर्चर विकत घेतलं आणि २००४ मध्ये गूगलने शेअर बाजारात उतरण्याआधी याहूला २७ लाख शेअर देऊन प्रकरण मिटवलं.

‘व्हायरल’ या शब्दाची गोष्ट छोटी आहे. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं, तेव्हा प्रत्येक पत्राखाली फुकट ईमेल घेण्याचं आमंत्रण आपोआप जोडलं जाई. पत्र लिहिणाराच नकळत जाहिरातदार. हॉटमेलमध्ये पैसा गुंतवणाऱ्यांनी त्याला ‘व्हायरल मार्केटिंग’ म्हणायला सुरुवात केली. आज कुठलाही नाचाचा व्हिडिओ व्हायरल असतो, तो भाग वेगळा.

मराठीपुरतं सांगायचं तर गूगलच्या ॲडसेन्समध्ये, म्हणजे साइटवर जाहिराती लावून साइटच्या मालकाला वाटा देणाऱ्या सेवेत, हिंदीला २०१४ च्या अखेरीस जागा मिळाली, मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. तोवर मराठी साइट चालवणाऱ्याला या कमाईचा रस्ता सरळ नव्हता. शब्दांचा घोळ आजही आहे. हापूस शोधणारा माणूस देवनागरीत लिहील, रोमन लिपीत लिहील, नाहीतर ‘अल्फान्सो’ म्हणेल, आणि लिलावात हे तीन वेगळे शब्द, तीन वेगळे भाव.

कुकीवर मात्र गदा आली. मे २०१८ पासून युरोपात वापरणाऱ्याची संमती घेण्याचा कायदा कडक झाला. २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना माग काढण्याआधी परवानगी मागायला लावली. क्रोममधून थर्ड पार्टी कुकी काढून टाकू असं गूगलने २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला.

देवगडच्या बागायतदारांचं गिऱ्हाईक जाहिरात पाहतं आणि सरळ फोन लावतं; साइटवर ऑर्डर क्वचितच येते. म्हणून रिपोर्टात ‘कन्व्हर्जन’च्या, म्हणजे क्लिकमधून झालेल्या विक्रीच्या, रकान्यात शून्य. यंदा त्यांनी दुसरं सिमकार्ड घेतलं. पेटीवर जुना नंबर, नेटवरच्या जाहिरातीत नवा. नव्या नंबरवर फोन वाजला की वहीत एक रेघ मारतात.