जुन्या गाडीत शीट मारण्याआधी कार्पेट उचलून बघा

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, हेराल्ड किंवा त्याआधीची फियाट चालवणारी मंडळी आमच्याकडे येतात ती बहुतेक एकच वाक्य घेऊन: "गाडी आतून फार तापते, आवाजही येतो, शीट मारून द्या." पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" नाही मिळणार. गाडी पाच-सहा दिवस आमच्याकडे राहते आणि त्यात शीट, म्हणजे थरथर थांबवणारी ब्युटाइलची (चिकट रबरासारखी) चादर, आतून पत्र्याला चिकटवण्याचं काम जेमतेम दीड दिवसाचं असतं. उरलेले दिवस कशात जातात हे प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना घाई होते, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधी एक विनंती. घरी काहीही चिकटवून गाडी आणू नका.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक पद्मिनी आली. मालकांनी आठ दिवस खपून सगळा फ्लोअर स्वतः झाकला होता. छताची गळती बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात जी डांबरी, चंदेरी पट्टी मिळते, ती वापरली होती. काम नीटनेटकं होतं, कडेला कड जुळवलेली. पण उन्हात गाडी उभी राहिली की आत डांबराचा वास कोंडायचा, म्हणून ती काढून आमची शीट लावायची होती. ड्रायव्हरच्या पायाशी अंगठा दाबला तर खालून पापड मोडल्यासारखा आवाज आला. पट्टीचं टोक उचललं, तर तिला चिकटून गंजाचा पापुद्राच वर आला आणि भोकातून आमच्या वर्कशॉपची फरशी दिसली.

पाणी येत होतं पुढच्या काचेच्या रबरातून, खालच्या कोपऱ्यातून. तिथून ते डॅशच्या मागून उतरायचं आणि पट्टीच्या कडेने खाली शिरायचं. उघड्या पत्र्यावरचं पाणी दोन दिवसांत वाळलं असतं. पट्टीखाली गेलेल्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. डांबर गरम केलं की पसरतं, गार असलं की सुटत नाही. नुसतं खरवडण्यात आमच्या दोन मुलांचे तीन दिवस गेले, त्यानंतर पत्राकाम वेगळं. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर, दोघींनाही वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही. फ्लोअरचा पत्रा हाच गाडीचा कणा आहे, तो कुजला की प्रश्न आवाजाचा राहत नाही. (हेराल्डला चॅसी वेगळी आहे, पण तिच्याही फ्लोअरला पाणी तितकंच वाईट.)

म्हणून पहिला दीड दिवस आम्ही फक्त पाणी शोधतो. सीट, कार्पेट आणि खालचा नमदा (दाबलेल्या धाग्यांचा जाड थर) बाहेर काढतो. जुना नमदा पिळला की कित्येकदा वाटीभर पाणी निघतं आणि मालक म्हणतात, "पण गाडी तर महिनाभर शेडमध्येच होती!" मग कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरतो. एकजण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून पाइप धरतो. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, एका जागी दहा मिनिटं. एकदम वरून ओतलं तर सगळीकडून येतं आणि काहीच कळत नाही. पावडरवर पाण्याचा ओघळ उमटला की वाट सापडली. काचेचं रबर, दाराची बीडिंग, पेडलजवळच्या पत्र्यातले ग्रोमेट (वायर जाण्याच्या भोकातली रबरी कडी), डिकीच्या झाकणाचं रबर या ठरलेल्या जागा आहेत. त्या बंद झाल्या की गंज घासणं, प्रायमर, रंग, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबणं. घाईने ओल्या रंगावर शीट मारली तर ती रंगासकट सुटते. हे दिवस आम्ही कमी करत नाही, कोणी जास्त पैसे देऊ केले तरी.

शीट कमी लावली असं वाटलं तर

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दाराचं पॅड उघडून ग्राहक बघतात आणि म्हणतात, अर्धा पत्रा तर मोकळाच आहे. त्याचं कारण असं. अ‍ॅल्युमिनियमची पाठ असलेली 2 मिलिमीटरची ब्युटाइल शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याची थरथर थांबवते. सपाट पत्र्याच्या मधोमध, पाव ते एक तृतीयांश भागावर ती नीट दाबून बसवली की बहुतेक काम होतं. दारावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. आधी रिकाम्या डब्यासारखा "टण्ण" येतो, तळहाताएवढे तीन-चार तुकडे लावल्यावर "ठप". त्यापुढे लावलेली शीट वजन वाढवते, फरक फारसा पाडत नाही. एका चौरस मीटरला ती सव्वातीन किलोच्या आसपास भरते, आणि पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं आहे. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं आम्ही मुद्दाम मोकळी ठेवतो. ती बुजली की दार आतून सडतं.

उष्णतेसाठी शीटवर दुसरा थर लागतो, बंद छिद्रांच्या फोमचा. फ्लोअरवर, गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर आणि पेडलसमोरच्या पत्र्यावर तो पूर्ण घालतो, कारण इंजिन आणि सायलेन्सरच्या पाइपची धग तिथूनच आत येते. आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना चपलेतून पाय भाजले असतील, तर ती हीच जागा. सोफ्याचा पिवळा स्पंज इथे चालत नाही, तो नमद्यासारखाच पाणी धरतो. कुठलाही फोम घेण्याआधी तुकडा रात्रभर पाण्यात दाबून ठेवा आणि सकाळी पिळा. दुसरा तुकडा मोकळ्या जागेत पेटवून बघा. ज्योत बाजूला केल्यावरही जळत राहिला तर तो गाडीत घालू नका. बॉनेटच्या आत आम्ही कुठलाच फोम लावत नाही. तिथे तेल आणि पेट्रोलची वाफ असते.

चंदेरी पाठीबद्दल बराच गैरसमज आहे. चकाकीने उष्णता परतवण्यासाठी तिच्यासमोर हवेची पोकळी लागते. कार्पेटखाली दाबलेली चंदेरी बाजू काहीच परतवत नाही, तिथे काम फोमच करतो. छताचं मात्र वेगळं. फियाटचं जुनं लायनिंग तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं, त्यामुळे पत्रा आणि कापड यांच्यात पोकळी मिळते. तिथे हलका फोम, चंदेरी बाजू खाली करून, मे महिन्यात चांगला उपयोगी पडतो. पण जुनं लायनिंग उतरवताना शिवणीवर फाटतं. तेव्हा लायनिंग बदलायचं असेल तेव्हाच छत करून घ्या. लायनिंग आम्ही इथेच शिवतो, मूळ रंगाच्या रेक्झिनमध्ये.

यातून काय होणार नाही, तेही सांगायला हवं. काचेतून येणारं ऊन शीटने थांबत नाही. टॅपेटचा आवाज, डिफरन्शियलची घरघर, सायलेन्सरचा फुटका जॉइंट, हे आधी मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्या. फुटका जॉइंट तर नक्कीच, कारण ज्या भोकांतून आवाज आत येतो त्यांतूनच धूरही येतो आणि तो जिवाला घातक आहे. स्टिअरिंग कॉलमभोवतीची फट, वायरिंगचं वाळून तडकलेलं ग्रोमेट, या बोटभर जागा बुजवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा अख्ख्या दाराला शीट मारूनही पडत नाही. त्याचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही. गाडी नव्यासारखी शांत होणार नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल.

50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 साली केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, तेव्हापासून "मूळपणाला धक्का लागेल का" असंही विचारतात. आम्ही बॉडीला भोक पाडत नाही, पत्रा कापत नाही. सगळं कार्पेटखाली आणि पॅडच्या मागे राहतं. ब्युटाइल गरम हवा देऊन पुन्हा सोलता येतं. डांबराच्या जागी ते वापरण्याचं हेही एक कारण. मूळ कार्पेट शाबूत असेल तर धुऊन तेच परत बसवतो, आणि उतरवण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या जागेचा फोटो काढून ठेवतो.

दर फोनवर सांगता येत नाही, कारण कार्पेटखाली काय आहे ते तुम्हालाही माहीत नसतं. सकाळी गाडी घेऊन या. तासाभरात पुढच्या सीट काढून पत्रा दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. गंज निघाला आणि पत्राकाम दुसरीकडे करून घ्यायचं असलं तरी हरकत नाही, मग गाडी शीटसाठी आणा. येताना डिकी रिकामी करून आणा. आणि कार्पेट ओलं असेल तर वाळवून आणू नका. ओल नेमकी कुठे आहे, त्यावरूनच आम्हाला पाण्याची वाट कळते.